तुमची पत्रं, माझी उत्तरं: भंतेंचं घर

आषाढ पौर्णिमा तोंडावर आली की या सदराकडे येणारी पत्रं बदलतात. एरवी लेण्यांच्या वाटा, शिलालेखांची वाचनं, मुलांच्या शाळेच्या प्रकल्पांना माहिती असं विचारलं जातं. आता वर्षावास (भिक्षूंचा पावसाळी मुक्काम), भोजनदान, चीवर (भिक्षूचं वस्त्र) हेच विषय येतात. यंदा आलेल्यांतली पाच पत्रं घेतली आहेत. पहिल्या उत्तराला जागा जास्त लागली, कारण ते माझ्या आवडीचं आहे.

नमस्कार काका. मागच्या रविवारी मुलांना घेऊन मुंबईतल्या कान्हेरी लेण्यांत गेलो होतो. मुलीने एका लेण्याच्या आतल्या खोलीत डोकावलं आणि विचारलं, "बाबा, इथे कैद्यांना ठेवायचे का?" मला उत्तर सुचलं नाही. डोंगरावर, अंधाऱ्या कोठीत, नळ नाही, विहीर नाही, अशा ठिकाणी माणसं राहायची तरी कशी? (एक वाचक, डोंबिवली)

मुलीने विचारलं ते बरं झालं. बहुतेक लोक डोकावतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. तिला सांगा, कैद्याच्या कोठडीपुढे ओसरी नसते, ओसरीत बसायला बाक नसतो, ओसरीपुढे अंगण नसतं. कान्हेरीच्या बहुतेक लेण्यांना हे तिन्ही आहे. पुढच्या वेळी गेलात की तिला कोठीच्या चौकटीला हात लावून बघू दे. काही चौकटींना वर-खाली दगडातच गोल खळगे सापडतील. त्यात लाकडी दाराचे खुंट बसवलेले असायचे. आत कडेला दगडातच कोरून काढलेला ओटा असतो, तो झोपायचा. त्यावर गवत किंवा चटई टाकली की झालं. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे कुणीतरी दिवसभराचं अध्ययन संपवून पाठ टेकलेली आहे. ते घर आहे. घरात शिरताना आपण चपला काढतो, आवाज खाली आणतो, तेवढं तिथेही करावं असं मला मनापासून वाटतं.

आता पाणी. मी ३४ वर्षं महापालिकेच्या जलखात्यात होतो, चावीवाला म्हणून लागलो. ठरल्या वेळी रस्त्यातलं झाकण उघडायचं, लांब चावी घालून व्हॉल्व्ह फिरवायचा, की या गल्लीला पाणी सुरू आणि त्या गल्लीचं बंद. त्यामुळे पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे पाहिल्याशिवाय मला कुठलंच घर कळत नाही. कान्हेरी मला कळली तीही पाण्यावरूनच.

अंगणाच्या एका बाजूला जमिनीत चौकोनी तोंड दिसतं, ते टाकं. तोंड लहान, पण पोट आत कातळाखाली पसरलेलं. तोंड लहान ठेवल्यामुळे ऊन आत पोचत नाही, पाणी उडून जात नाही आणि शेवाळही कमी धरतं. टाक्यात पाणी कसं येतं ते बघायचं असेल तर लेण्याच्या माथ्यावर जा. उतारावर चार-चार बोटं रुंदीच्या पन्हळी कोरलेल्या आहेत. मी एकदा भर जुलैत, छत्री घेऊन, एका पन्हळीशेजारी तासभर बसलो होतो. वरच्या कातळावरचं पाणी चादरीसारखं पसरून येत होतं आणि पन्हळीपाशी आल्यावर निमूट वळत होतं. पानं, काटक्या सगळं घेऊन ते लेण्याच्या कडेने उतरलं आणि टाक्याच्या तोंडात गुळगुळ आवाज करत शिरलं. कातळ तोच, उतार तोच, आणि पन्हळी आजही चालू. जी पन्हळ टाकं भरते तीच पाणी बाजूला घेते, म्हणून ओसरीत गळत नाही. ज्याने हा उतार आखला त्याला मी मनातल्या मनात वरिष्ठ मानतो.

आणि हे पाणी दिलं कुणी? ते तिथेच लिहून ठेवलंय. टाक्याला शिलालेखांत 'पानियपोढी' म्हणतात. तुमच्या शेजारच्या कल्याणचा एक सोनार होता, सामिदत नावाचा. त्याने दिलेल्या पोढीचा लेख कान्हेरीत आहे. चेमुलच्या, म्हणजे आजच्या चौलच्या माणसाने दिलेली पोढी आहे. कल्याणच्याच एका लोहाराने वाट बांधून दिल्याचा लेख आहे. विचार करा, राजा नाही, सेनापती नाही. सोनाराने पाणी दिलं, लोहाराने वाट दिली, म्हणून वर डोंगरात भिक्षू राहू शकले. भिक्षूला स्वतः शेती करायची नाही, व्यापार करायचा नाही. तो उद्याच्या जेवणासाठी, अंगावरच्या कापडासाठी खालच्या गावावर अवलंबून. गाव शिकवणुकीसाठी त्याच्यावर अवलंबून. कल्याण, सोपारा, चौल ही बंदरं चालती होती तोवर वरच्या टाक्यांची निगा राहिली.

सुरुवातीला हे पावसाळ्यापुरतं होतं. भिक्षूने फिरत राहायचं हाच मूळ नियम. पण विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, कथा आहे की पावसाळ्यात फिरताना भिक्षू हिरवं गवत आणि बारीक जीव तुडवतात अशी लोकांची तक्रार आली, तेव्हा भगवंत बुद्धांनी तीन महिने एका जागी राहायला सांगितलं. हाच वर्षावास. पुढे विहार बारमाही झाले. कान्हेरीत शंभरावर लेणी आहेत. ११ क्रमांकाच्या लेण्यात मधोमध दोन लांब, बुटके दगडी बाक आहेत. तिथे संघ एकत्र बसायचा. एका कड्याखाली भिक्षूंच्या विटांच्या स्तुपांची रांग सापडली, काहींवर थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, नावं होती. म्हणजे माणसं इथे आली, शिकली, म्हातारी झाली आणि इथेच गेली. नवव्या शतकातल्या लेखांत भिक्षूंच्या चीवरांसाठी, विहाराच्या डागडुजीसाठी आणि पोथ्यांसाठी द्रम्म, म्हणजे त्या काळची नाणी, ठेवल्याची नोंद आहे. पोथ्यांसाठी पैसे ठेवलेल्या जागेला कैदखाना कसं म्हणायचं, हे मुलगी मोठी झाली की तिला नक्की कळेल.

काका, जयभीम. मी १९ वर्षांचा आहे, सुट्टीत दहा दिवसांच्या श्रामणेर (शिकाऊ भिक्षू) शिबिराला जायचं ठरवलंय. आई रडतेय, म्हणते परत आलाच नाहीस तर? वडील म्हणतात हे जगापासून पळणं आहे, त्यापेक्षा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास कर. काय करू? (एक वाचक, लातूर जिल्हा)

जयभीम बाळा. आईला समजावल्याशिवाय जाऊ नकोस. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. सिद्धार्थाचा मुलगा राहुल याला श्रामणेर केलं तेव्हा आजोबा शुद्धोदन भगवंतांकडे आले. पुत्रप्रेम कातडी छेदतं, मांस छेदतं, हाड छेदून आतल्या मज्जेपर्यंत जातं, असं म्हणाले आणि त्यांनी मागणं मागितलं की आईबापांच्या परवानगीवाचून कुणाच्या मुलाला दीक्षा देऊ नये. भगवंतांनी ते मान्य केलं. तो नियम आजही आहे. शिबिरातले भंते, म्हणजे भिक्षू, तुला पहिला प्रश्न हाच विचारतील.

१९८४ साली मी श्रामणेर झालो, तेव्हा मीही १९ वर्षांचाच होतो. माझी दाढी-डोकं करताना भंतेंनी कापलेल्या केसांची एक बट माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणायला लावलं, "केसा, लोमा, नखा, दन्ता, तचो." केस, अंगावरची लव, नखं, दात, त्वचा. आपण आयुष्यभर ज्याला सजवतो ते हेच. डोक्याला वारा लागत होता आणि हातातले केस कुणा दुसऱ्याचेच वाटत होते. मग चीवर नेसायला शिकवलं. मला ते जमेना, खांद्यावरून सारखं घसरायचं. भंते चार वेळा आले आणि चारही वेळा न रागावता त्यांनी कडा पिळून, गुंडाळी करून दाखवली. चीवर नीट बघ, ते एकसंध कापड नसतं, तुकडे जोडून शिवलेलं असतं. मगधातली बांधाबांधांची शेतं पाहून भगवंतांनी आपला शिष्य आनंद याला तसं शिवायला सांगितलं होतं. शेतातून आलेल्या आपल्यासारख्यांना तो नमुना लगेच ओळखू येतो.

चौथ्या दिवशी आम्हाला भिक्षेला नेलं, ते आमच्याच वस्तीत. नजर खाली, पात्र दोन्ही हातांत, कुणाकडे मागायचं नाही, फक्त दारापुढे थोडं थांबायचं. तिसरं दार आमचं होतं. आईने पात्रात भात वाढला, वर वरण घातलं आणि मला वाकून वंदन केलं. ज्या बाईच्या पाया पडायचं ती माझ्यापुढे वाकली. मला आशीर्वादाची गाथा आठवेना, शेजारच्या श्रामणेराने म्हटली. त्या दुपारी मी ते जेवलो ना, तेव्हा मला कळलं की पात्र हातात असतं तेव्हा आपलं असं काहीच नसतं. भात आईचा, कापड उपासकाचं, छप्पर वस्तीचं. त्यानंतर मला कधी कुणासमोर हात पसरण्याची लाज वाटली नाही आणि कुणाला देताना मी मोठा झालो असंही वाटलं नाही.

वडिलांचा प्रश्न मात्र योग्य आहे आणि तो फार मोठ्या माणसाने विचारलेला आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत विचारलंय की भगवंतांनी भिक्षू निर्माण केला तो परिपूर्ण माणूस घडवण्यासाठी की लोकांची सेवा करणारा समाजसेवक घडवण्यासाठी. धम्माचं भवितव्य या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे असं त्यांचं मत होतं. माझं मत विचारशील तर मी दुसऱ्या, म्हणजे समाजसेवकाच्या, बाजूचा आहे. जो भंते वस्तीतल्या पोराला चार वेळा चीवर नेसायला शिकवतो तो पळालेला नाही. वडिलांना हे पान वाचायला दे. दहा दिवसांनी चीवर परत करायचं असतं, अभ्यासाची पुस्तकं तिथेच टेबलावर असतील. आईला सांग, भिक्षेच्या दिवशी तिने यायचंच.

भाऊ, आमच्याकडे पहिल्यांदाच तीन भंतेंचं भोजनदान आहे. ते बारानंतर जेवत नाहीत एवढं माहीत आहे. बाकी काय पाळायचं? दक्षिणेचं पाकीट हातात दिलं तर चालतं का? (एक वाचिका, नांदेड)

ताई, वेळेचं सर्वांत महत्त्वाचं. बारा म्हणजे बाराला ताटावर बसणं नव्हे, बाराच्या आत जेवून हात धुणं. आधी वंदना, त्रिशरण, पंचशील होणार, त्याला अर्धा तास धरा. म्हणजे साडेदहाला स्वयंपाक उतरलेला हवा. पाहुणे यायचे राहिलेत म्हणून भंतेंना खोळंबून ठेवू नका. मी एका घरी पाहिलंय, पुरणपोळ्या लाटता लाटता बारा वाजले. भंते हसून पाणी प्यायले आणि उठले. त्या घरच्या आजी दिवसभर रडत होत्या.

पदार्थ भंतेंच्या हातात किंवा पात्रात द्यायचा असतो, समोर ठेवून "घ्या" म्हणून चालत नाही. दिल्याशिवाय भिक्षू उचलत नाही. पाणी गाळून द्या. भिक्षूच्या मालकीच्या आठ वस्तू सांगितल्या आहेत: तीन चीवरं, पात्र, वस्तरा, सुई, कमरबंद आणि पाणी गाळायचं फडकं. त्या आठांत गाळणीचं फडकं आहे, यावरून पाण्यातल्या जिवांची काळजी किती ते लक्षात येईल. जेवताना भंते बोलले नाहीत तर त्यांना आवडलं नाही असं समजू नका. विनयात जेवण्याबद्दलच बारीक नियम आहेत. तोंडात घास असताना बोलायचं नाही, गाल फुगवायचे नाहीत, 'चपुचपु' करायचं नाही, 'सुरुसुरु' करायचं नाही. शब्द पालीतले आहेत, पण आपल्या आजीने सांगावेत तसेच.

पाकिटाचं सांगतो. सोनं-रुपं न स्वीकारणं हे श्रामणेराच्या दहा शीलांतलंच एक आहे. पैसे द्यायचे असतील तर विहाराच्या समितीकडे द्या आणि कशासाठी दिले ते नोंदवायला सांगा: औषध, प्रवास, पुस्तकं. आजकाल काही भंते पाकीट घेतात. त्यांना दवाखाना आहे, रेल्वेचं तिकीट आहे. मी त्यांना दोष देत नाही. पण आपण देणाऱ्यांनी रीत पाळली तर त्यांच्यावर ती वेळच येत नाही.

सर, सगळीकडे भिक्षूच दिसतात. त्या लेण्यांत बायका नव्हत्याच का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

होत्या. बुद्धांच्या मावशीने, महाप्रजापती गौतमीने, मागणं लावून धरलं आणि भिक्षुणीसंघ उभा राहिला हे तुला माहीत असेल. आपल्या पश्चिमेकडच्या लेण्यांत लेख वाचत गेलीस की 'पवजितिका' (घर सोडून दीक्षा घेतलेली), 'भिखुनी' असे शब्द भेटतात आणि त्या नुसत्या राहणाऱ्या नाहीत, दान देणाऱ्या आहेत. कान्हेरी, कुडे दोन्हीकडे अशा प्रव्रजित स्त्रियांची दानं आहेत. थेरींच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्षुणींच्या, गाथा तर त्यांच्याच तोंडच्या. पुढे आपल्या देशात ही परंपरा खंडित झाली. १९९८ साली बोधगयेला मोठा उपसंपदा (पूर्ण दीक्षा) विधी झाला, त्यात अनेक देशांच्या स्त्रियांना भिक्षुणीची दीक्षा मिळाली. अजूनही काही ठिकाणी त्यांना मान्यता द्यायला खळखळ करतात, शंभर वर्षांच्या भिक्षुणीनेही आजच दीक्षा घेतलेल्या भिक्षूला वंदन करावं हा जुना नियम पुढे करतात. मला तो नियम पटत नाही. आमच्या विहारात वर्षावासाला भिक्षुणी आल्या तेव्हा वस्तीतल्या मुली संध्याकाळी जशा प्रश्न विचारायला बसल्या तशा कधीच बसल्या नव्हत्या. तू विषय घेतेस तर लेखांची यादी कर आणि दान देणाऱ्या बायका मोज. तुझा प्रबंध तिथूनच सुरू होईल.

जयभीम दादा. आमच्या विहारातले भंते ७८ वर्षांचे आहेत. गुडघे गेलेत, मधुमेह आहे. समितीतले काहीजण म्हणतात, आता त्यांनी गावी पुतण्याकडे जावं, इथे कोण बघणार? मला हे बरं वाटत नाही, पण उपायही सुचत नाही. (एक उपासक, अकोला)

जयभीम. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

विनयात एक प्रसंग आहे. एक भिक्षू अतिसाराने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला. भगवंत आणि आनंद फिरत तिथे आले. "तुला कोणी बघत नाही?" तर म्हणाला, नाही, मी इतर भिक्षूंच्या उपयोगी पडत नव्हतो. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला लावलं, स्वतः पाणी ओतलं, आनंदाने धुतलं, एकाने डोक्याकडून आणि एकाने पायाकडून धरून त्याला खाटेवर निजवलं. मग संघाला बोलावून सांगितलं की तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही, तुम्ही एकमेकांना बघितलं नाही तर कोण बघणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. हा प्रसंग समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचा.

आता पैशाचं. नाशिकच्या पांडवलेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण नाणी विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे धंद्याच्या संघटनांकडे, ठेवली, मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यातले दोन हजार दरमहा शेकडा एक दराने. महिन्याला २० झाले, वर्षाला २४०. आणि लेखात लिहिलंय की वर्षावासाच्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. गणित करून बघा, पैन् पै जुळतं. भावनेच्या भरात एकदा वर्गणी काढून सोडून दिलेलं नाही, बसून हिशेब केलेला आहे. तुमच्या वस्तीत दीडशे घरं असतील तर घरटी एकदाच काहीतरी गोळा करा, बँकेत मुदत ठेव ठेवा, व्याज भंतेंच्या औषधांना. भंते गेल्यावर पुढच्या भंतेंना. लेखी ठेवा.

माणसांचं मात्र ठेवीतून होत नाही. ज्या भंतेंनी मला चीवर नेसायला शिकवलं त्यांना चार वर्षांपूर्वी एका रुग्णालयात दाखल केलं. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म पुढे केला आणि रुग्णाशी नातं काय असं विचारलं. मी म्हटलं, उपासक. त्या म्हणाल्या, तसं नाही चालत, नातेवाईक हवा, नाहीतर दाखल करता येणार नाही. मागे रांग होती, भंते चाकाच्या खुर्चीत मान टाकून बसले होते. मी 'मुलगा' लिहिलं. खोटं बोलू नये हे चौथं शील त्यांनीच मला दिलेलं. रात्री त्यांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसता हात पुढे केला. सकाळी रुग्णालयाच्या झग्यावर चीवर घालायचं म्हणाले. आता त्यांच्या हाताला पीळ जमत नव्हता. मी कडा गुंडाळली, खांद्यावर टाकली, घसरली, परत टाकली.

तुमच्या समितीत सात माणसं असतील तर आठवड्याच्या सात रात्री वाटून घ्या. औषधाच्या वेळा विहाराच्या भिंतीवर लावा. गुडघ्यांसाठी कमोडची खुर्ची आणि भिंतीला धरायचा दांडा या आठवड्यातच बसवून घ्या. दवाखान्याची फाईल एकाच्या ताब्यात ठेवा. आणि फॉर्मवर नात्याच्या रकान्यात कोण काय लिहिणार, ते आधीच ठरवून भंतेंच्या कानावर घाला.